महिला आरक्षणाचं बिल राज्यसभेत पास झालं तो दिवस

राज्यसभेत बिल पास होतं म्हणजे नेमकं काय होतं, असं घरचे, मैत्रिणी, कॉलेजचे ज्युनिअर सगळेच विचारतात आणि दर वेळी मी तोंडी सांगत बसते, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. त्यासाठी दिवस निवडलाय २१ सप्टेंबर २०२३ चा, नव्या संसद भवनात राज्यसभेने महिला आरक्षणाचं बिल पास केलं तो. तेव्हा मी दिल्लीत महाराष्ट्रातल्या एका राज्यसभा खासदारांकडे रिसर्चचं काम करत होते. त्यांचं नाव आणि पक्ष लिहीत नाही, विषय ते नाहीत, विषय बिल आहे. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

विशेष अधिवेशन १८ तारखेला जुन्या इमारतीत सुरू झालं आणि १९ ला, म्हणजे गणेश चतुर्थीलाच, दोन्ही सभागृहं नव्या इमारतीत गेली. त्याच दिवशी लोकसभेत बिल मांडलं गेलं, नाव नारी शक्ती वंदन अधिनियम, नंबर १२८ वी घटनादुरुस्ती. २० तारखेला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी पास. विरोधातली दोन्ही मतं एमआयएमची, त्यातलं एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचं, आणि त्यांचं म्हणणं होतं की ओबीसी आणि मुस्लिम बायकांसाठी यात वेगळी तरतूदच नाही. लोकसभेतलं मतदान आटपलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बिल राज्यसभेच्या कामकाजात. म्हणजे आमच्या हातात फक्त एक रात्र.

एरवी असं नसतं. एरवी बिल एका सभागृहातून दुसरीकडे यायला मध्ये दिवस जातात, पेपरात लेख येतात, जाणकारांशी बोलता येतं, दुरुस्ती सुचवायची असेल तर चर्चेच्या एक दिवस आधी नोटीस द्यावी लागते ती नीट शब्द तोलून लिहिता येते. इथे सगळंच घाईत. पण एक बरं होतं, बिल अगदी छोटं, सहाच कलमं. पहिलं नाव आणि अंमलाची तारीख, दुसरं दिल्ली विधानसभेसाठी, तिसरं लोकसभेत एक तृतीयांश जागा, चौथं राज्यांच्या विधानसभांमध्ये एक तृतीयांश जागा, पाचवं हे सगळं कधी लागू होणार आणि कधीपर्यंत राहणार, सहावं म्हणजे आत्ता जे सभागृह निवडून आलेलं आहे त्याला ते बरखास्त होईपर्यंत धक्का नाही. अनुसूचित जाती जमातींच्या ज्या जागा आहेत त्यातल्याही एक तृतीयांश त्या त्या समाजाच्या बायकांना. ओबीसींसाठी काही नाही.

मी प्रिंट काढून हायलायटर घेऊन बसले आणि अख्खी रात्र पाचव्या कलमावर गेली. या कलमाने घटनेत ३३४ए हा नवा अनुच्छेद येतो. त्यात म्हटलंय की हा कायदा सुरू झाल्यावर जी पहिली जनगणना होईल, तिचे आकडे जाहीर झाल्यावर, त्यासाठी मतदारसंघांची फेररचना होईल, आणि ती झाल्यावर आरक्षण लागू होईल. आता २०२१ ची जनगणना तेव्हा झालेलीच नव्हती, कोरोनामुळे पुढे ढकलली ती ढकललीच. म्हणजे आरक्षण मिळणार हे लिहून दिलंय पण २०२४ च्या निवडणुकीत ते नाही हे वाचता क्षणी कळत होतं. २००८ साली आलेल्या आधीच्या बिलात जनगणना आणि फेररचनेची ही अट नव्हती. टीव्हीवर दिवसभर ऐतिहासिक ऐतिहासिक चाललं होतं आणि ते ऐतिहासिक होतंच, मी नाही म्हणत नाही, मलाही रात्री दोन वाजता ते सहा परिच्छेद वाचताना अंगावर काटा आला होता. पण बिलाचा जीव त्या पाचव्या कलमात अडकलेला होता आणि तेच कमीत कमी लोक वाचत होते.

साहेबांना पक्षाकडून पाच मिनिटं मिळणार होती. राज्यसभेत वेळ पक्षाच्या सदस्यसंख्येप्रमाणे वाटला जातो, मोठ्या पक्षाला तास दीड तास आणि मग पक्ष आपल्या आत तो वाटून देतो, छोट्या पक्षांना दोन तीन मिनिटांत सगळं उरकावं लागतं. पाच मिनिटं म्हणजे सावकाश बोललं तर सहाशे शब्दसुद्धा होत नाहीत. मी लिहिलेल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सावित्रीबाई होत्या, १९९६ ला देवेगौडा सरकारने पहिलं बिल आणलं ते होतं, ते बिल तपासणारी गीता मुखर्जींची समिती होती, गावच्या पंचायतींत आणि नगरपालिकांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती, महाराष्ट्राने २०११ ला स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के केलं ते, सगळंच कोंबलं होतं. साहेबांनी सकाळी चहा पिता पिता वाचला आणि म्हणाले, "अगं बाळ, हे सगळं माझ्या आधीचे वीस जण बोलणार आहेत. तुला यातलं एकच काय सांगायचंय ते सांग." मी म्हटलं, पाचवं कलम. ते म्हणाले, "मग तेच ठेव, आणि गावाकडचं एक उदाहरण दे."

गावाकडचं उदाहरण माझ्या घरातच होतं. माझी आत्या राखीव जागेवरून सरपंच झाली. सुरुवातीला ग्रामसेवक सह्यांचे कागद तिच्याकडे न आणता मामांकडे, म्हणजे तिच्या यजमानांकडे घेऊन जायचा. मग पाण्याच्या टाकीचं काम निघालं तेव्हा ती एका ओळखीच्या ओव्हरसियरकडून एमबी वाचायला शिकली, एमबी म्हणजे कामाची मापं लिहिलेलं पुस्तक, त्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. टाकीच्या भिंतीची जाडी एमबीत एक आणि प्रत्यक्षात भलतीच निघाली, तिने टेप घेऊन स्वतः मोजली आणि काम नीट होईपर्यंत बिलावर सही केली नाही. त्यानंतर कागद मामांकडे जाणं बंद झालं. हे मी साहेबांच्या भाषणात चार ओळींत बसवलं, नाव गाव न घेता. बायकांना राजकारणातलं काय कळतं असं जे बोललं जातं त्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही, तेव्हाही सुचलं नाही आणि आजही नाही.

सकाळी अकराला बैठक सुरू झाली. विशेष अधिवेशन असल्यामुळे प्रश्नोत्तराचा तास नव्हता, त्यामुळे आधी नेहमीप्रमाणे कागदपत्रं सभागृहाच्या पटलावर ठेवली गेली आणि मग कायदा मंत्री अर्जुन राम मेघवाल यांनी बिल विचारात घ्यावं असा प्रस्ताव मांडला. लोकसभेत त्यांनी दिलेला आकडा असा की तेव्हा असलेल्या ८२ महिला खासदारांच्या जागी १८१ होतील. आपल्याकडचं गणित मी रात्रीच करून ठेवलं होतं, आताच्या जागा धरल्या तर लोकसभेच्या ४८ पैकी १६ आणि विधानसभेच्या २८८ पैकी ९६. २०१९ च्या विधानसभेत महाराष्ट्रातून निवडून आलेल्या बायका होत्या २४. हा आकडा साहेबांनी दुपारी लॉबीतून फोन करून परत एकदा विचारून घेतला, "नक्की चोवीसच ना गं?" असं. सभागृहात चुकीचा आकडा बोलला की तो कायमचा रेकॉर्डवर राहतो, म्हणून ते प्रत्येक आकडा दोनदा विचारायचे, आणि मला ही त्यांची सवय फार आवडायची.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट म्हणजे सभापती जगदीप धनखड यांनी तालिकेवर १३ महिला सदस्य नेमल्या होत्या. सभापती आणि उपसभापती खुर्चीवर नसतात तेव्हा तालिकेतले सदस्य कामकाज चालवतात, आपल्या विधान परिषदेत जसे तालिका सभापती असतात तसंच. त्यात पी. टी. उषा, जया बच्चन, नागालँडच्या फांगनोन कोन्याक होत्या, आणि आपल्याकडच्या दोघी, बीडच्या रजनी पाटील आणि परभणीच्या फौजिया खान. मराठवाड्यातल्या दोन बायका राज्यसभा चालवणाऱ्यांच्या यादीत! आईला फोनवर हे सांगितलं तर तिला बिलापेक्षा याचाच जास्त आनंद झाला. साध्या पायंड्याची गोष्ट आहे, एका दिवसापुरती आहे, पण खुर्चीवरून बाई "आता संपवा" म्हणते आणि समोरचा ज्येष्ठ पुढारी बसतो, हे बघण्याला किंमत आहे.

दिवसभर मी साहेबांच्या बंगल्यावरच्या ऑफिसात संसद टीव्ही लावून नोट्स काढत बसले होते. कुणी काय मुद्दा मांडला, कुठला मुद्दा आता परत बोलण्यात अर्थ नाही, हे पीए काकांमार्फत साहेबांपर्यंत पोचवायचं. चर्चेचा बाज दुपारपर्यंत स्पष्ट झाला. विरोधात कुणीच नव्हतं. सगळे पाठिंबा देत होते आणि विरोधी बाकांवरचे जवळपास सगळे दोन गोष्टी मागत होते, एक म्हणजे आत्ताच लागू करा आणि दुसरं म्हणजे ओबीसी बायकांचा त्यात वाटा ठेवा. सरकारी बाजूचं उत्तर असं की कुठल्या जागा राखीव हे ठरवायचं काम निःपक्ष यंत्रणेनेच करायला हवं, त्यासाठी फेररचना आयोग आणि त्याआधी जनगणना. दोन्ही बाजूंनी चांगली भाषणं झाली, काही नुसती कवितांची झाली. आणि तेव्हा मला एक मुद्दा सारखा खटकत होता तो असा की हे आरक्षण राज्यसभेला नाही. आपल्या विधान परिषदेलाही नाही. फक्त थेट निवडून येणाऱ्या सभागृहांना. जिथे पक्ष स्वतःच्या हाताने उमेदवार ठरवून पाठवतो तिथे कायदा नसतानाही पक्षांना हे उद्यापासून करता येईल, त्याला ना जनगणना लागते ना फेररचना. हा मुद्दा मी साहेबांच्या कागदावर शेवटी हाताने लिहून दिला होता.

त्यांचा नंबर लागेपर्यंत पाचाची तीन मिनिटं झाली होती कारण पक्षाच्या आधीच्या वक्त्यांनी वेळ खाल्ला. मी टीव्हीसमोर उभीच राहिले. आत्याची गोष्ट घेतली, अर्धी. २४ चा आकडा घेतला. पाचवं कलम त्यांनी अक्षरशः वाचून दाखवलं आणि विचारलं की जनगणनेची तारीख तरी आज या सभागृहाला सांगा. राज्यसभेचा मुद्दा घेणार तेवढ्यात घंटी झाली, एक वाक्य बोलून ते बसले. त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांची आभारी आहे.

संध्याकाळनंतरचा गॅलरीचा पास त्यांनी मला काढून दिला होता. हे तुमच्यापैकी कुणालाही करता येतं, खासदाराच्या सहीने अर्ज द्यावा लागतो, ओळखपत्र लागतं, पासवर वेळ लिहिलेली असते आणि तेवढाच वेळ बसता येतं. आत जाताना मोबाईल, बॅग, वही, पेन सगळं बाहेर ठेवायचं. माझ्यासारखीला, जी दिवसभर पेन हातात धरून असते, तिला ते जड गेलं, पण त्यामुळे बघणं जास्त झालं. राज्यसभेचा तो लाल रंग आणि कमळाची नक्षी टीव्हीवर दिसते त्यापेक्षा आतून बरीच गडद वाटते. गॅलरीत त्या दिवशी बायकाच बायका, वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या, कुणी कांजीवरम नेसून, कुणी साध्या सुती साडीत. सुरक्षेवरच्या ताई एकसारख्या फिरत होत्या, पुढे वाकू नका, बोलू नका, टाळ्या नाहीत.

वरून सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते सभागृहाच्या मधोमध असलेल्या टेबलाकडे. तिथे रिपोर्टर बसतात, पेपरवाले नव्हेत, सभागृहाचे. थोड्या थोड्या वेळाने एक उठतो आणि दुसरा येऊन बसतो, बोलणाऱ्याचं वाक्य न तुटता. उठलेला आत जाऊन आपला तेवढा भाग टाईप करतो. सदस्य ओरडत असोत, एकमेकांत बोलत असोत, त्यांची मान खाली. अकरा वाजल्यापासून रात्रीपर्यंत जे काही बोललं गेलं ते सगळं त्यांच्या हाताखालून गेलं.

वाट बघता बघता मला २०१० आठवत होतं. तेव्हा मी शाळेत होते, पण बाबांनी बातम्या लावल्या होत्या ते डोळ्यांसमोर आहे. ८ मार्चला बिल आलं, सदस्य सभापती हमीद अन्सारी यांच्यासमोर धावून गेले, कागद हिसकावून फाडले. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले, मार्शल बोलवावे लागले आणि मग १८६ विरुद्ध १ ने बिल पास. ते एक मत आपल्या शरद जोशींचं. ज्यांनी १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं एवढं मोठं अधिवेशन घेतलं त्यांचं. त्यांचा आक्षेप मतदारसंघ राखीव करून ते आलटून पालटून फिरवत ठेवण्याच्या पद्धतीला होता. मला त्यांचं मत पटत नाही, पण एकट्याने उभं राहून नाही म्हणणं ही पण सभागृहातली एक जबाबदारीच आहे. आणि ते पास झालेलं बिल पुढे लोकसभेत चर्चेलाच घेतलं गेलं नाही, २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि बिल रद्दबातल. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही म्हणून मुद्दाम २००८ ला तिथे मांडलं होतं, पण राज्यसभेत पास होऊन लोकसभेत अडकलेलं बिल लोकसभेबरोबर संपतं. तेरा वर्षांच्या फरकाने तेच काम परत पहिल्यापासून, हे समजून घेतलं की २१ तारखेच्या रात्रीचं वजन कळतं.

रात्री उशिरा चर्चा संपली, मंत्र्यांचं उत्तर झालं, पंतप्रधानही बोलले आणि मग खरं काम सुरू झालं. घंटी वाजायला लागली, लॉबी रिकाम्या करा असं सांगितलं गेलं, दारं बंद झाली. साधं बिल असतं तर आवाजी मतदान, होय म्हणणारे होय म्हणा, नाही म्हणणारे नाही म्हणा, आणि पुढचं कलम. घटनादुरुस्तीला तसं चालत नाही. सदस्यसंख्या २४५, त्याच्या निम्म्याहून जास्त म्हणजे निदान १२३ मतं बाजूने हवीत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवीत, आणि हे आकड्यांनिशी नोंदलं जायला हवं. म्हणून आधी बिल विचारात घ्यायचं का यावर मत, मग कलमं, मग पूर्ण बिल.

कलमांची वेळ आली तेव्हा विरोधी सदस्यांनी दिलेल्या दुरुस्त्या पुकारल्या गेल्या. कुणी मांडतो म्हणाले, कुणी नाही. मांडलेल्या फेटाळल्या गेल्या. दिवसभर ज्या दोन मागण्यांवर तासन्‌तास भाषणं झाली त्यांचा निकाल असा बघता बघता लागला. शेजारी बसलेल्या एका मावशींनी हळूच विचारलं, "काय चाललंय आता?" मी कुजबुजले, "पाचवं कलम." तेवढ्यात ताईंनी आमच्याकडे बघितलं. माझ्या मते त्या अख्ख्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची काही मिनिटं तीच, आणि त्या वेळी गॅलरीतल्या बऱ्याच जणी दमून जांभया देत होत्या, त्यांची काही चूक नाही, वरून काही कळतच नाही, नुसते क्लॉज नंबर ऐकू येतात. कागद हातात असता तर कळलं असतं. बिलाची प्रत आपल्या भाषेत गॅलरीत द्यायला हवी असं मला तेव्हापासून वाटतं.

मग शेवटचं मतदान. बाजूने २१४, विरोधात शून्य. खाली बाकं वाजली, वर आम्हाला टाळ्यांना बंदी म्हणून मावशींनी माझा हात धरला आणि जोरात दाबला. अधिवेशन त्याच रात्री अनिश्चित काळासाठी तहकूब झालं, वंदे मातरम् लागलं तेव्हा सगळे उभे राहिले, वरचे खालचे.

बाहेर येऊन मोबाईल परत घेतला तर आत्याचे मिस्ड कॉल. फोन केला तर पहिला प्रश्न, "आमच्या इथे कधी लागू होणार?" तिला पाचवं कलम सांगितलं. ती थोडा वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली, "म्हणजे एमबी लिहून झाली, काम व्हायचंय." दुसऱ्या दिवशी साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, काल सापडायला हवं होतं हे वाक्य.

२८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि १२८ व्या दुरुस्तीचं बिल १०६ वी घटनादुरुस्ती झालं. नंबर बदलतो कारण बिलांचा क्रम वेगळा आणि पास झालेल्या कायद्यांचा वेगळा. त्या दिवशीची सगळी चर्चा, कोण काय बोललं ते शब्दशः, राज्यसभेच्या वेबसाईटवर तारखेप्रमाणे आहे, हिंदीतलं हिंदीत आणि इंग्रजीतलं इंग्रजीत. वाचणार असाल तर आधी ३३४ए वाचा आणि मग भाषणं, म्हणजे कोण बिलावर बोललंय ते लगेच कळेल. आणि दिल्लीला येणार असाल तर तुमच्या भागातल्या खासदारांच्या ऑफिसात पाससाठी आधीच सांगून ठेवा, आदल्या दिवशीपर्यंत अर्ज गेलेला बरा, आधार कार्ड बरोबर घ्या आणि त्या दिवशीच्या बिलाची प्रत आत नेता येत नाही म्हणून रात्रीच वाचून घ्या.